दाराची सहावी बाजू

आमच्या रत्नागिरीकडच्या घराचं पुढचं दार पश्चिमेला आहे. वास्तुवाल्यांचं त्यावर जे मत असेल ते असो, पावसाचं मत आम्हाला पक्कं ठाऊक आहे. जूनमध्ये वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला की पहिली तिरकी सर येते ती थेट दारावर. दार सागवानी, चार दिल्ह्यांचं, म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या चौकटीत चार फळ्या बसवलेलं. घर बांधलं तेव्हा हौसेने त्यावर पारदर्शक पॉलिश करून घेतलं होतं. इतकं चकचकीत की पाहुणे आत येण्याआधी त्यात बघून केस नीट करायचे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालची वीतभर जागा पांढुरकी झाली. तिसऱ्यानंतर कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटायला लागले. रंगारी म्हणाला लाकूड ओलं होतं, सुतार म्हणाला माल हलका होता, दुकानदार म्हणाला मारणाऱ्याला मारता आला नाही.

शेवटी सुतारमामांनी दार बिजागऱ्यांतून सोडवलं आणि ओटीवर दोन ठोकळ्यांवर आडवं घातलं. तेव्हा त्याची खालची कड पहिल्यांदा उजेडात आली. कोरं लाकूड! रंग राहू द्या, अस्तराचा एक हातसुद्धा तिला कधी लागला नव्हता. काळी पडलेली, आणि दोन्ही टोकांना नखाने दाबलं तर मऊ.

दाराला बाजू सहा असतात. पुढची, पाठची, बिजागरीकडची कड, कडीकडची कड, वरची आणि खालची. बहुतेक दारांना रंग लागतो तो चारच बाजूंना, कारण कामाचा क्रमच तसा आहे. सुतार दार बसवतो, उंबऱ्याला घासतंय म्हणून काढून खालून रंधा मारतो, पुन्हा अडकवतो आणि मजुरी घेऊन जातो. रंगारी येतो तेव्हा दार लटकलेलंच असतं. खालच्या फटीत ब्रश शिरत नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल मालकही विचारत नाही. बाहेरच्या दारावरचा महागातला महाग रंग का टिकत नाही, याचं निम्मं उत्तर या फटीत आहे. उरलेलं निम्मं उन्हात आहे, त्याकडे नंतर येऊ.

लाकूड पाणी कुठून पितं

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड उभं असताना मुळांकडचं पाणी पानांपर्यंत नेणारी ही व्यवस्था झाड पडल्यावरही जागच्या जागी राहते. फळीच्या अंगावर आपण बघतो त्या या नळ्यांच्या पाठी. तिथून पाणी आत शिरायला वेळ लागतो. फळी आडवी कापली की मात्र नळ्यांची तोंडं उघडी पडतात. उसाचं कांडं आठवा: अंगावर थेंब टाकला तर ओघळून जातो, कापलेल्या तोंडावर टाकला तर जिरतो. लाकडाचं तेच. तोंडाकडून पाणी अंगापेक्षा कितीतरी पटींनी वेगात आत जातं.

दाराच्या दोन उभ्या पट्ट्यांची तोंडं खाली, नेमकी उंबऱ्याशी असतात. तिरक्या सरीचं ओघळून आलेलं पाणी तिथे साचतं, पागोळ्यांचे शिंतोडे तिथे येतात, सकाळचा सडा तिथे पोचतो, आणि रांगोळीआधी उंबरा धुतला जातो तेव्हा तर पाणी हक्काने फटीत शिरतं. ते पट्टीतून वर चढतं आणि रंगाच्या थराच्या पाठीमागे जाऊन बसतं. मग ऊन पडलं की वाफ होऊन बाहेर यायला बघतं. पुढच्या बाजूला आपण पाणी अडवण्यासाठी जो जाडजूड थर दिलेला असतो, तोच आता त्याची वाट अडवतो. फोड येतात, फोड फुटतात, पापुद्रे सुटतात. आम्ही तीन वर्षं पुढच्या बाजूच्या रंगाला नावं ठेवत होतो, आणि पाणी खालून येत होतं.

थेंब लागला नाही तरी लाकूड हवेशी देवाणघेवाण चालू ठेवतं. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ६५ टक्क्यांना तो सुमारे १२ होतो आणि ९० टक्क्यांना २० च्या आसपास जातो. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातलं दार आणि आमचं जुलैतलं दार एकाच झाडाची असली तरी आकाराने एक नसतात. सागाचा हिशेब असा, की ओलावा १ टक्क्याने वाढला तर रुंदीत तो साधारण ०.१ ते ०.१९ टक्का फुगतो. फळी कशी चिरली आहे त्यावर ते अवलंबून. उन्हाळा आणि पावसाळा यांत ८ टक्क्यांचा फरक धरला, तर अखंड फळ्यांचं ९० सेंटिमीटर रुंद दार १३ मिलिमीटरपर्यंत फुगू शकतं. लांबीत मात्र लाकूड जवळपास हलतच नाही.

दिल्ह्यांचं दार शोभेसाठी असतं असं पुष्कळांना वाटतं. ते या फुगण्यावरचं उत्तर आहे. १२ सेंटिमीटरच्या दोन उभ्या पट्ट्या धरल्या तर फुगणारी रुंदी २४ सेंटिमीटर उरते, आणि १३ मिलिमीटरचे साडेतीन होतात. मधल्या आडव्या पट्ट्या लांबीच्या दिशेने असतात, त्या हलत नाहीत. दिलहे हलतात, पण ते खाचेत मोकळे ठेवलेले असतात. फुगले की खाचेत आत सरकतात, सुकले की बाहेर येतात. थंडीच्या कोरड्या दिवसांत दिल्ह्याच्या कडेला कोऱ्या लाकडाची बारीक रेघ दिसते ना, ती ही. ती दिसली की काही रंगारी कळवळून खाचेत लांबी (पुट्टी) भरतात. भरू देऊ नका. दिलहा चिकटला की पुढच्या पावसाळ्यात त्याला जायला जागा राहत नाही, आणि एक तर लांबी फुटते किंवा दिलहाच तडकतो. दार नवीन करत असाल तर जोडण्याआधी सुट्या दिल्ह्यांना चारही कडांसकट रंगाचे हात देऊन घ्या. सुतार कुरकुर करेल, पण रेघ दिसणार नाही.

आता रंगाकडून आपली अपेक्षा काय असायला हवी ते लक्षात येईल. तो वर्षातून एकदा लाकडाबरोबर ताणला जायला हवा आणि एकदा आवळला जायला हवा. नखाने ओरखडा न उठणारा कडक थर दुकानात छान वाटतो. बाहेरच्या दारावर कडकपणा हा बऱ्याचदा तडकण्याचा पहिला टप्पा ठरतो.

ऊन काय करतं

लाकडात ढोबळमानाने दोन गोष्टी महत्त्वाच्या: सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारं लिग्निन. भिंतीची उपमा चालत असेल तर एक चिरा, दुसरा चुना. उन्हातले अतिनील किरण लिग्निन तोडतात. ते फार खोल जात नाहीत, साधारण केसाच्या जाडीएवढेच. तुटलेलं लिग्निन पावसात धुऊन जातं, वर सैल तंतू उरतात आणि त्यांवर बुरशी बसते. उघड्यावरचं जुनं लाकूड करडं दिसतं ते यामुळे.

एवढं केसभर गेलं तर बिघडलं काय? नुसत्या लाकडाचं फारसं नाही बिघडत. अडचण रंगाची होते, कारण रंगाचा थर नेमका त्या केसभर जाडीला धरून उभा असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे १९१० पासून लाकडावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. कोरं लाकूड रंगाआधी काही आठवडे जरी उन्हात राहिलं तरी रंगाची पकड लक्षणीय कमी होते, हे तिथल्या कामातून पुढे आलं. आपल्याकडे दार बसवून घरभरणी होते, मग पैसे जमतात, मग चार महिन्यांनी रंगारी येतो. तोवर दाराच्या अंगावरचा चुना सैल झालेला असतो. तो पॉलिश पेपरने पूर्ण उतरवून खालचं घट्ट लाकूड उघडं केलं नाही, तर रंग मारला जातो तो भुशावर.

आमच्या चकचकीत पॉलिशचं कोडं इथे सुटतं. पारदर्शक थर पाणी अडवतो, ऊन अडवत नाही. काचेतून यावं तसं ऊन आत येतं, थराखालचं लिग्निन तुटतं आणि थर वरून धडधाकट असतानाच त्याच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून त्याचे पापुद्रे निघतात ते अखंड, पारदर्शक, पाठीला लाकडाची बारीक भुकटी घेऊन. असा पापुद्रा तुमच्या दाराचा निघाला तर पाठ बघा. भुकटी असेल तर दोष उन्हाचा. पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर लाकूड नीट घासलं गेलं नव्हतं किंवा तेलकट होतं.

त्यामुळे एक कटू गोष्ट. त्याच लाकडावर, त्याच उन्हात अपारदर्शक रंग पारदर्शक पॉलिशपेक्षा कायम जास्त टिकणार. रंगद्रव्याचे कण म्हणजे लाकडावर धरलेली छत्री. पण सागवानावर पैसे ओतलेल्या माणसाला ‘त्याच्यावर तपकिरी ऑइल पेंट मार’ असं सांगायचं धाडस माझ्यात नाही, कारण मी स्वतःच ते मारलं नाही. मधला मार्ग आहे. आयर्न ऑक्साइड हे रंगद्रव्य अतिनील किरण चांगले शोषतं. आमच्या जांभ्या दगडाचा तांबडा रंग त्याचाच, गेरूही तोच. हेच द्रव्य अतिसूक्ष्म करून पारदर्शक पॉलिशमध्ये घातलं की तांबूस-तपकिरी झाक येते, लाकडाच्या रेषाही दिसतात आणि उन्हाचा बराचसा मारा वरच्यावर झेलला जातो. दुकानात असा झाक देणारा ‘स्टेन’ मागताना तो पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याच्या कणांचा आहे, की डायचा, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाचा, एवढं विचारून घ्या. डायचा रंग उन्हात उडतो.

डब्यात काय आहे

रंगाच्या दुकानात नावं पन्नास, पण बाहेरच्या दारासाठी विचार करावा अशी कुटुंबं तीन-चारच.

ज्याला आपण सरसकट ऑइल पेंट म्हणतो तो इनॅमल अल्किड राळेचा असतो. ही राळ १९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रॉय कीनल यांनी विकसित केली. अल्कोहोल आणि ॲसिड या दोन शब्दांचा जोड करून तिचं नाव पडलं. इनॅमल सुकतो तो थिनर उडाल्यामुळे, आणि पुढे हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. गंमत अशी की ऑक्सिजन घेणं तो थांबवत नाही; वर्षानुवर्षं अधिकाधिक कडक होत जातो आणि शेवटी तडकतो. तरीही स्वस्त आहे, कोणालाही मारता येतो आणि खरवडून पुन्हा मारता येतो. सावलीत, खोल पडवीच्या आत असलेल्या दाराला याहून भारी काही लागत नाही.

थिनरऐवजी पाण्याने पातळ करायचे ॲक्रिलिक इनॅमल अलीकडे चांगले मिळतात. ते लवचिक राहतात, पिवळे पडत नाहीत, वास कमी. अपारदर्शक रंगच द्यायचा असेल तर मी आज इनॅमलऐवजी हा घेईन. मात्र सागावर आणि ऐनावर त्याखाली डाग रोखणारं अस्तर लागतं, नाहीतर लाकडातला तपकिरी रस रंगातून वर येतो.

मग पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. याचं रसायन १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुझेनला ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. दुकानात मिळतो तो बहुधा दोन डब्यांचा, बेस आणि हार्डनर. हार्डनरमधला आयसोसायनेट नावाचा घटक बेसशी जोडला जातो आणि एक विणलेलं जाळं तयार होतं. ते पुन्हा थिनरमध्ये विरघळत नाही. इथे एक फरक जीव लावून समजून घ्यायला हवा. ॲरोमॅटिक जातीचा हार्डनर स्वस्त असतो आणि उन्हात पिवळा पडून ठिसूळ होतो. ॲलिफॅटिक जातीचा महाग असतो आणि उन्हात टिकतो. डब्यांवर हे शब्द क्वचितच असतात, ‘इंटिरियर’ आणि ‘एक्स्टिरियर’ असं असतं. कपाटांचं काम चालू असताना उरलेला इंटिरियर पीयू ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून पुढच्या दाराला मारला जातो. आमच्याकडे तसंच झालं होतं, हे नंतर माळ्यावर रिकामे डबे सापडले तेव्हा कळलं.

मेलामाइन आणि फ्रेंच पॉलिश ही घरातली मंडळी. मेलामाइन काचेसारखं कडक, हलणाऱ्या लाकडावर तडकतं. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पाणी लागलं की पांढरे डाग. देवघराला शोभतं, पुढच्या दाराला नाही.

एपॉक्सी ही दोन डब्यांचीच आणखी एक राळ. तिची पकड जबरदस्त आणि पाण्याला विरोधही उत्तम. पण उन्हात त्याचा खडू होतो, हात लावला तर पांढरं पीठ लागतं. म्हणून तो दर्शनी बाजूला चालत नाही. पण ऊन कधीच न पोचणारी, सतत पाण्यात असलेली एक जागा आपल्याकडे आहेच! खालच्या कडेला पातळ एपॉक्सी हा माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय. नळ्यांच्या तोंडात तो उतरतो आणि तिथेच घट्ट होऊन बूच बसतं.

कोकणात याची जुनी आवृत्ती होती. काजूच्या टरफलाचं काळं, अंगावर फोड आणणारं तेल होड्यांच्या लाकडाला चोपडायचे. त्याने पाणी आणि किडे दोन्ही लांब राहायचे. त्या तेलातलंच कार्डेनॉल नावाचं द्रव्य आज जहाजांवरच्या काही एपॉक्सी रंगांचे हार्डनर बनवायला वापरतात. म्हणजे आजोबांची वस्तू फिरून, डब्यात बसून, भाव वाढवून परत आली.

काम करताना

आधी दार उतरवा. हे एक वाक्य पाळलं तरी बरंच साधतं. दोन तास दार नसलेल्या घरात बसायला विचित्र वाटतं, संध्याकाळपर्यंत पडद्यावर भागवावं लागतं, आणि शेजारचं मांजर आत येऊन बसतं. पण आडव्या दारावर ओघळ येत नाहीत आणि सहाही बाजू हाताशी असतात.

काळ निवडायचा तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाने प्यायलेलं पाणी लाकडाने तोवर सोडलेलं असतं. ओलावामापक यंत्र मिळालं तर १५ टक्क्यांच्या आत आकडा हवा, १२ असेल तर उत्तम. किनाऱ्यावर थंडीत दव पडतं, म्हणून सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर हात मारू नये. पीयूच्या हार्डनरला पाण्याचा विशेष ओढा असतो. त्याची ओलाव्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक बुडबुडे राहतात. उघडून ठेवलेला हार्डनरचा डबा आमच्या हवेत आठवडाभरात आतून दह्यासारखा लागलेला मी पाहिला आहे. उलट टोकाला, रणरणत्या उन्हात तापलेल्या लाकडावरही मारू नये. वरची साय आधी सुकते आणि आतला थिनर अडकतो.

जुना थर काढताना एक काळजी. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या इनॅमलमध्ये, शिसं असू शकतं. जुन्या वाड्याचं दार खरवडायचं असेल तर कोरडं घासून धूळ उडवू नका. ओला पेपर वापरा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि खरवड गोळा करून बांधून टाका. ब्लो-लॅम्पने जाळून रंग काढायची पद्धत अजून दिसते. तिच्या धुरात शिसं असतं, म्हणून ती बंदच करावी.

सगळा जुना थर काढायचा नसेल तर नव्याचं त्याच्याशी जमतंय का ते बघून घ्या. पीयूचा थिनर कडक असतो. जुन्या इनॅमलवर पडला की इनॅमल सुरकुततो, दुधावरच्या सायीसारखा गोळा होतो. कोपऱ्यात थिनरचा बोळा दहा मिनिटं ठेवून बघा. जुना रंग मऊ पडला तर तो सगळा उतरवावा लागणार.

मग घासणं. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात, १२० आणि शेवटी १८०. त्याहून बारीक पेपरने लाकूड आरशासारखं करू नका, पहिल्या हाताला धरायला काहीतरी हवं. घासायचं ते रेषांच्या दिशेने. आणि सगळ्या धारदार कडा थोड्या मोडून घ्या, दोन-तीन मिलिमीटर गोलाई येईल इतक्या. ओला रंग पृष्ठताणामुळे धारेवरून दोन्हीकडे मागे सरकतो. धारेवर उरतो तो अगदी पातळ थर, आणि रंग फुटायला सुरुवात होते ती तिथूनच. सुताराला धारदार कड म्हणजे सफाई वाटते, इथे त्याच्याशी गोडीत बोलावं लागतं.

सागाला स्वतःचं तेल असतं. वाळवीपासून त्याला वाचवणाऱ्या गोष्टींपैकी हे तेल एक, पण रंगाला तेच नकोसं. घासून झाल्यावर, पहिल्या हाताच्या अगदी आधी, पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून दार पुसून काढा. फडकं पिवळट होत राहील तोवर पुसा. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, रात्रीत तेल पुन्हा वर येतं. लोखंडी खिळे असतील तर त्यांच्याभोवती काळी वर्तुळं दिसतील. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून काळी शाई करायचे ना, तीच क्रिया. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड भेटले की शाई तयार. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने डाग निघतात (हातमोजे घालून, नंतर भरपूर पाण्याने धुऊन, दोन दिवस वाळवून), पण खिळा तिथेच राहिला तर डाग परत येतो. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घाला.

आता सहावी बाजू, ती सगळ्यांच्या आधी. पातळ एपॉक्सी ब्रशने उभ्या पट्ट्यांच्या तोंडांवर सोडा. पाच मिनिटांत तो दिसेनासा होईल. पुन्हा सोडा. लाकूड पिणं थांबवून वर ओलसर चमक राहीपर्यंत हे करत राहायचं. आमच्या दाराने एका टोकाला चार वेळा प्यायला. वरच्या कडेलाही तेच, तिथे निदान पाणी साचत नाही, पण छपराकडची दमट हवा असते. मऊ पडलेला भाग सुतारमामांनी आधी कोरून काढला आणि तिथे सागाचीच चकती बसवली. कुजलेल्या लाकडावर एपॉक्सी ओतून ते पुन्हा जिवंत होत नाही.

बाकीच्या कामाला फार शब्द नकोत. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर असेल तेच, मापाच्या भांड्याने. ‘अंदाजाने थोडा हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकतं’ हे वाक्य ऐकलं तर नम्रपणे डबा हातात घ्यावा. जास्त झाला तर थर ठिसूळ, कमी झाला तर कायम चिकट. काही तासांत संपेल एवढंच कालवा. रंगवताना आधी दिलहे, मग मधल्या उभ्या पट्ट्या, मग आडव्या, शेवटी कडेच्या लांब उभ्या. पातळ तीन हात जाड दोनांपेक्षा चांगले, प्रत्येक दोन हातांमध्ये ३२० ने हलकं घासून. आतल्या बाजूला कमी हात देऊन पैसे वाचवू नका. एक अंग जास्त ओलावा घेतं, दुसरं कमी, आणि दार पापडासारखं वळतं.

किती माल लागतो याचा हिशेब सोपा आहे. १ लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला तर ओला थर १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा होतो, आणि त्यात घन भाग निम्मा असेल तर सुकून ५० मायक्रॉन उरतो. २.१ मीटर उंच आणि १.०५ मीटर रुंद दाराच्या दोन्ही अंगांचं मिळून क्षेत्रफळ साधारण ४.४ चौरस मीटर. म्हणजे एका हाताला ४५० मिलिलिटरच्या आसपास. तीन हातांचं काम अर्ध्या लिटरमध्ये झालं असं कोणी सांगितलं, तर थिनर किती ओतला ते विचारा.

दोन धोके मात्र सांगायला हवेत. पीयूचा हार्डनर श्वासातून जाऊन कायमचा दमा लावू शकतो; स्प्रे गनने उडवताना सर्वांत जास्त. तोंडाला बांधलेला रुमाल याला काहीही अडवत नाही. ब्रशनेही काम मोकळ्या हवेत करावं, आणि गनने करणाऱ्याला योग्य रेस्पिरेटर हवाच. हा खर्च मालकाने द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण रंगारी तो कधी मागणार नाही. दुसरा धोका जवसाच्या तेलाचा. साधं तेलपाणी करणाऱ्यांनी भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी एकेक पसरून बाहेर वाळत घाला.

जुन्या कोकणी घरांची दारं नुसत्या तेलावर पिढ्यान्पिढ्या टिकली, असं कोणीतरी हमखास म्हणतं. खरं आहे, पण त्या दारांपुढे खोल पडवी असायची, उतरतं छप्पर असायचं, आणि पावसाची सर दारापर्यंत पोचायचीच नाही. आपण पडवी काढली, दार थेट अंगणात आणून ठेवलं आणि मग डब्यातून पडवीची अपेक्षा करायला लागलो. आम्ही शेवटी दारावर तीन फुटांचा पत्र्याचा छज्जा काढला. पीयूच्या तिन्ही हातांपेक्षा तो स्वस्तात झाला आणि फरक त्याने जास्त पडला. दाराच्या पुढच्या अंगाला खाली एक उतरती लाकडी पट्टीही मारून घेतली, म्हणजे ओघळ उंबऱ्याच्या आत न जाता बाहेर पडतो.

पारदर्शक किंवा झाकवाल्या थराची देखभाल पापुद्रे सुटण्याआधी करायची असते. अशा दारावर दर दीड-दोन वर्षांनी ३२० ने घासून एक ताजा हात. चमक गेली की समजायचं वेळ झाली. दाराच्या खालच्या भागावर पाणी शिंपडून बघा: थेंब गोळा होऊन ओघळले तर ठीक, पसरून लाकूड काळसर दिसलं तर उशीर व्हायला लागला आहे. दसऱ्याचं झेंडूचं तोरण ओलं झालं की उतरवा, आठवडाभर तसंच लोंबलं तर चौकटीवर त्याचा तपकिरी ओघळ कायमचा राहतो.

मी दरवर्षी मेच्या सुरुवातीला दार उघडून खालच्या फटीत हातआरसा सरकवतो आणि मोबाइलचा टॉर्च मारतो. यंदा कड अजून चकचकीत दिसते आहे. कडीकडच्या टोकाला मात्र सुपारीएवढी जागा उंबऱ्याला घासून उघडी पडली आहे. पंधरा तारखेच्या आत तिथे एपॉक्सी लावायचा आहे, आणि दार घासतंय हे सुतारमामांना तोवर कळू द्यायचं नाही, नाहीतर ते रंधा घेऊन येतील.